बंपर नसलेली फियाट

आक्काच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेल्या हिवाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण कराडला आला होतात. कार्य छान झाले, आक्का खूश होती, आमटीही चांगली जमली होती. पण त्या दिवसापासून जो भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो. "मास्तर, तीन वर्षं त्या गाडीवर खपलात आणि ऐन कार्याच्या दिवशी बंपरच नाही?" धाकट्या वहिनी तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नवरीचे पुढचे दोन दात पाडून तिला बोहल्यावर उभी केल्यासारखी दिसतेय हो गाडी!"

दर वेळी "काम वेळेत झालं नाही" एवढेच सांगून मी सुटका करून घेतली. ते अर्धसत्य होते. चौतीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवताना अर्धसत्य सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभे केले आहे. तेव्हा आज मीच बाकावर उभा राहतो आणि खरे काय ते लिहून काढतो.

ज्यांना गाडीचा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागून सुरुवात करतो. ही गाडी म्हणजे दाजींची फियाट अकराशे. 1970 सालची. त्या काळी आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला घेता येण्यासारख्या मोटारी तीनच : कलकत्त्याकडची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी बनवायची ती ही फियाट. वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली. पैसे हातात असले तरी गाडी हातात यायची नाही. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दाजी खेडोपाडी फिरणारे डॉक्टर. नंबर लावला तेव्हा आक्काला मूल नव्हते, गाडी आली तेव्हा थोरला भाचा शाळेत जायला लागला होता, असे आक्का सांगते. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरची दांडी, मागे माशाच्या परासारखे उचललेले दोन पंख आणि सगळीकडे चकचकणारे क्रोम. पुढची जाळी, दोन्ही बंपर, चाकांच्या टोप्या, हेडलाइटच्या रिंगा, दारांच्या मुठी आणि कडेने धावणाऱ्या पट्ट्या. गाडीचे दागिनेच ते!

या दागिन्यांची देखभाल आक्काकडे होती. दर रविवारी दाजींच्या जुन्या धोतराचा मऊ फडका आणि चाळलेली राख घेऊन ती बसायची. मी सुट्टीत जायचो तेव्हा मलाही कामाला लावायची. "गोल गोल नको फिरवू, एका दिशेनं पूस," हे तिचे वाक्य अजून कानात आहे.

दाजी 2009 साली गेले. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली गेली. भाच्याने कागदपत्रांचे नूतनीकरण तेवढे वेळोवेळी करून ठेवले, पण गाडीला हात कोणी लावला नाही. 2021 साली, टाळेबंदीतून जरा मोकळे झाल्यावर, आक्का मला म्हणाली, "अरे, माझे डोळे पार जायच्या आत तिला एकदा उन्हात उभी कर. लखलख दिसू दे." तिच्या डोळ्यांचे तुम्हाला ठाऊकच आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण पडद्याचा आजार आहे. मधले दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते आणि तेही दरसाल थोडे कमी होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गेले ते परत येणार नाही.

म्हणजे घाई होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

आता जुन्या गाडीचे सामान मिळवणे म्हणजे काय, ते जरा सांगतो. इंजिनाची काळजी फारशी करावी लागली नाही. फियाटची पुढे 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती इतकी वर्षे धावली की इंजिनाचे, गिअरचे, ब्रेकचे सामान आजही कुठे ना कुठे मिळते. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पण टॅक्सीवाल्याला पिस्टन हवा असायचा, क्लच प्लेट हवी असायची. चकाकी नको असायची. त्यामुळे यंत्राचे सामान टिकले आणि दागिने हरवले. त्यातून 1970 च्या गाडीची पुढची जाळी वेगळी आणि पद्मिनीची वेगळी. एक दुसरीला बसत नाही.

मग सुरू झाली वणवण. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला, शिवाय वाटेत दिसेल त्या भंगाराच्या दुकानात. पहिल्या वर्षी मी पुष्कळदा फसलो. एका ठिकाणी हेडलाइटच्या नव्या कोऱ्या रिंगा मिळाल्या, आनंदाने घेतल्या. एका पावसाळ्यात त्यांचा पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा सुटला. तेव्हापासून मी खिशात लोहचुंबक ठेवू लागलो. चुंबक चिकटला तर खाली लोखंडाचा पत्रा आहे, त्यावर क्रोम चढवलेले आहे. चिकटला नाही तर वस्तू ॲल्युमिनियमची, स्टेनलेसची नाही तर मजाकची. होय, मजाक! बाजारात जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला 'मजाक' म्हणतात. मूळचे ते एका मिश्रधातूचे व्यापारी नाव, पण आमच्या पदरी आलेला अनुभव पाहता मराठी अर्थच बरोबर वाटतो.

ही ओळख का महत्त्वाची? कारण प्रत्येकाचे औषध वेगळे. स्टेनलेसच्या पट्टीला मुलामा लागतच नाही. पोचे काढले, बफिंग केले की ती आतूनच चमकते. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोड्यात जास्त वेळ ठेवले तर ते खाल्ले जाते. आणि मजाक आम्लात टाकला तर त्याचे काय होते ते मी पैसे देऊन शिकलो. मागच्या दाराची एक मूठ जुने क्रोम काढण्यासाठी एका कारागिराकडे दिली होती. त्याने ती लोखंडाच्या सामानाबरोबरच आम्लात टाकली आणि चहाला गेला. परत आला तेव्हा मुठीचा सांगाडा उरला होता. "सर, हा तर मजाक निघाला," असे तो म्हणाला. मी काय बोलणार! पुढे सात महिन्यांनी जुन्या बाजारात तशी दुसरी मूठ मिळाली.

या सगळ्यात मी एक निर्णय पहिल्यापासून घेतला होता, त्यावरही भाच्याचा आणि माझा वाद झाला. चालकाच्या दाराच्या मुठीवर, जिथे दाजींचा अंगठा पडायचा, तिथले क्रोम झिजून खालचा पिवळसर निकल दिसतो. भाचा म्हणाला, "मामा, तीपण नवी करू या, एकच का जुनी ठेवायची?" मी म्हटले, "ती नको." गंजलेली वस्तू दुरुस्त करावी. गंज हा रोग आहे, थांबवला नाही तर वाढतो. पण हात लागून झिजलेली वस्तू रोगी नसते. ती वापरलेली असते एवढेच. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. गाडी कारखान्यातून आली तेव्हापेक्षा जास्त चकचकीत करून दाखवायची एक हौस अलीकडे पसरली आहे. तिला माझा विरोध आहे. पन्नास वर्षे पुसून टाकून मग गाडी 'पन्नास वर्षांची' म्हणून मिरवण्यात काय अर्थ? 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांतही सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. सरकारलाही मूळपणाची किंमत कळली म्हणायची.

पण बंपरची गोष्ट वेगळी होती. ते खरोखरच गंजले होते. गोठ्यातली ओल, शेणमूत, बारा वर्षे. पुढच्याला तर बोटभर भोके. दोन्ही नव्याने क्रोम करून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आता हे क्रोम प्रकरण मला मुळीच ठाऊक नव्हते. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या प्रयोगशाळेच्या वासापुरता. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर, माझ्याच वयाचे, त्यांनी कोल्हापुरात माझ्या घरच्या ओसरीवर बसून मला शिकवले. त्यांच्याकडून कळलेले थोडक्यात सांगतो.

आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो ती खरे तर बरीचशी निकलची असते. आधी जुना मुलामा उतरवायचा, पोचे काढायचे, भोके बुजवायची, घासून गुळगुळीत करायचे. मग बहुधा तांब्याचा थर, त्यावर बफिंग, मग निकलचा थर आणि सर्वांत शेवटी क्रोम. निकलचा थर साधारण दहा ते तीस मायक्रॉन आणि वरचे क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन! आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज करा. टाकीत क्रोमचे काम काही मिनिटांचे. ते फक्त निकलला पिवळे पडू देत नाही, ओरखडे येऊ देत नाही आणि ती निळसर झाक देते. सर म्हणाले, "मास्तर, सगळी मेहनत खालच्या थरांची, नाव वरच्याचं." आम्हा दोघांनाही प्राथमिकचे शिक्षक आठवले आणि आम्ही हसलो.

क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने 1797 साली शोधला. त्याची संयुगे इतक्या रंगांची असतात की ग्रीक भाषेतल्या रंग या शब्दावरूनच त्याचे नाव पडले. माणकाचा लाल रंग क्रोमियमचा आणि पाचूचा हिरवाही त्याचाच. पण मुलाम्याच्या टाकीत असते ते क्रोमिक आम्ल. त्यातले क्रोमियम सहा संयुजेचे, आणि ते विषारी. टाकीत वीज सोडली की त्यातला थोडाच भाग धातू बसवण्याच्या कामी येतो. बाकीच्या विजेने हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. ते फुटले की आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. ते नाकात गेले की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकते, कातडीवर गेले की न भरणारी जखम होते, आणि वर्षानुवर्षे फुप्फुसात जात राहिले तर कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 पासून ते माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवलेले आहे.

हे ऐकले तेव्हा मी मान डोलावली. वर्गातल्या मुलांसारखी. समजले नव्हते.

समजले ते पहिल्या कारखान्यात गेल्यावर. गाव आणि नाव सांगत नाही, त्याचे कारण पुढे येईल. एका औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड. मालक गोड बोलणारा. दोन्ही बंपर मिळून साडेसहा हजार, आणि आठ दिवसांत देतो म्हणाला. कार्याला तेव्हा तीन आठवडे होते. मला तर देव भेटल्यासारखे झाले. बंपर गाडीतच होते, उतरवायचे आणि पैसे द्यायचे एवढेच बाकी होते.

शेडमध्ये एक पोरगा टाकीवर ओणवून काम करत होता. असेल विशीचा. हातात मोजे होते, पण एका मोज्याची बोटे फाटलेली. तोंडाला रुमाल. त्याच्या मनगटावर पैशाएवढे गोल, खोल व्रण होते. तीन की चार. मी विचारले, "भाजलं काय रे?" तो म्हणाला, "न्हाई सर, हे असंच होतं हितं. नाकातनं बी रगात येतं कधी कधी. सवय हाय."

'सर' म्हणाला तो मला. ओळखत नव्हता. कोणीही म्हातारा, चष्मेवाला दिसला की आपल्याकडे सर म्हणतात. पण मला तो शब्द लागला.

मग मी सहज विचारल्यासारखे विचारले, "हे धुण्याचं पाणी जातं कुठं?" त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीत भोक, भोकातून नळी, नळीतून पिवळे पाणी, आणि ते पाणी ओढ्यात. आमच्या भागातला कोणताही ओढा घ्या, तो शेवटी कृष्णेलाच मिळतो. जिच्या काठी कराडला प्रीतिसंगमावर आक्का इतकी वर्षे दिवा सोडते, तीच कृष्णा. आक्काच्या कार्यासाठी, आक्काच्या गाडीच्या बंपरचे पाणी तिथे जाणार होते.

मी बंपर उतरवले नाहीत. "विचार करून सांगतो" म्हणून निघालो.

दुसरा कारखाना विज्ञानाच्या सरांनी शोधून दिला. तिथे टाकीच्या कडेला धूर ओढणारे पंखे, कामगारांना नीट साहित्य, आणि मागे पाण्याची वेगळी टाकी. पिवळ्या पाण्यात आम्लाबरोबर सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात, ते बघता बघता हिरवे होते. म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे झाले, फार कमी विषारी झाले. मग चुन्याने ते खाली बसवतात आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवतात. सर मला हे दाखवताना इतके रंगले होते की जणू दहावीचा वर्गच पुढे आहे! पण इथे भाव एकोणीस हजार आणि मुदत दोन महिने. मी कार्याचे सांगितले, आक्काच्या डोळ्यांचे सांगितले. मालक म्हणाले, "आजोबा, तुमच्या आधी नऊ जण आहेत. घाई केली तर खालचे थर नीट बसत नाहीत, तुम्हीच शिव्या द्याल."

मी बंपर तिथे दिले.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. तो जे बोलला ते मी इथे जसेच्या तसे लिहितो, कारण त्याची बाजूही तुमच्यापुढे यायला हवी. तो म्हणाला, "मामा, आईला आत्ता थोडं तरी दिसतंय. दोन महिन्यांनी दिसेल याची खात्री तुम्ही देता का? तुमच्या दोन बंपरांनी कृष्णा नासणार आहे का? आणि तुम्ही नाही दिलं म्हणून तो ओढा स्वच्छ होणार आहे का? त्या पोराची मजुरी तेवढी बुडाली."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. त्याचे एकेक म्हणणे खरे आहे. ओढा आजही पिवळा असेल.

पण मी पुष्कळ विचार केला तो असा. जुनी गाडी ठीकठाक करणे ही गरज नाही, हौस आहे. औषधाची गोळी, पिकावरची फवारणी, घराचा पत्रा, यांत माणूस नाइलाजाने तडजोड करतो. हौसेत नाइलाज कसला? हौसेचे मोल हौस करणाऱ्याने स्वतःच द्यायचे असते. ते कोणा विशीतल्या पोराच्या नाकातून वसूल करायचे नसते. साडेसहा आणि एकोणीस हजार यांच्यातला फरक म्हणजे साडेबारा हजार. स्वस्त कारखान्यात ते वाचत नाहीत, तो पोरगा ते भरतो आणि नदी भरते. बिलावर त्यांची नावे नसतात एवढेच.

आणि ही साखळी फार लांब जाते. आपल्या देशातले जवळजवळ सगळे क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून येते. 2007 साली अमेरिकेतल्या ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित जागांची यादी काढली, तीत सुकिंदाचे नाव होते. कारण हेच, पाण्यातले सहा संयुजेचे क्रोमियम. म्हणजे आपण फडक्याने जी चकाकी पुसतो तिची एक बाजू तिकडे कोणीतरी पीत असते. कॅलिफोर्नियाने तर 2023 साली शोभेच्या मुलाम्यातून हा प्रकार टप्प्याटप्प्याने बाद करायचा नियम केला. तीन संयुजेच्या क्रोमियमचा मुलामा आता करता येतो. जाणकार म्हणतात, त्याची झाक जरा वेगळी येते, ती जुनी निळाई येत नाही. मी म्हणतो, न येवो! गाडीच्या प्रदर्शनात भिंग घेऊन झाक तपासणाऱ्या परीक्षकापेक्षा त्या पोराचे मनगट मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आता त्या पहिल्या कारखान्याचे नाव मी का सांगत नाही? तक्रार का केली नाही? हा प्रश्न विज्ञानाच्या सरांनीही विचारला. खरे सांगायचे तर मी भ्यालो. मालकाला नाही, तिथल्या दहा-बारा पोरांच्या चुलीला. त्याऐवजी सरांना घेऊन मी पुन्हा तिथे गेलो. सरांनी पाणी शुद्ध करण्याची साधी पद्धत समजावून सांगितली, खर्चाचा अंदाज कागदावर मांडून दिला. मालक चिडला नाही. म्हणाला, "सर, मला कळत नाही असं नाही. पण गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, पाचशे कमी करा. पाण्याचं आजवर तुम्हीच पहिले विचारलंत." ते ऐकून मी गप्प झालो. कारण मीही पहिला प्रश्न भावाचाच विचारला होता. तक्रार न करण्यात मी बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या गोठ्यात, गॅरेजात आजोबांची लँब्रेटा, बजाज, जीप, फियाट पडली असेल त्यांनी ती जरूर उभी करावी. पण तीन गोष्टी पाळाव्यात. जे नुसते झिजले आहे ते राहू द्यावे. जे गंजले आहे तेवढेच बदलावे. जुने मूळ सामान मिळत असेल तर नव्या नकलेच्या मागे जाऊ नये, आधी भंगारात शोधावे. आणि मुलाम्याला वस्तू देताना भावाच्या आधी एक प्रश्न विचारावा : पाणी कुठे सोडता? उत्तर टाळले तर वस्तू परत घेऊन यावी. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर मालक हसेल, शंभरांनी विचारले तर टाकी बांधेल.

आता कार्याच्या दिवसाचे. घरापासून कार्यालय जेमतेम दीड किलोमीटर. बंपरच्या बोल्टची भोके झाकायला सूनबाईंनी झेंडूची माळ बांधली होती. आक्का काठी टेकत पुढे आली आणि सवयीने समोर हात नेला. बंपर जिथे असायचा तिथे. हाताला झेंडू लागला. ती क्षणभर थांबली. "बंपर कुठंय रे?" म्हणाली. मी सगळे सांगितले. पोराचे, पाण्याचे, सगळे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला बघायचा होता." एवढेच. रागावली नाही. पण "बरं केलंस" असेही म्हणाली नाही. मंडळी, तुमच्या थट्टेपेक्षा मला ते जास्त लागले आहे आणि ते लागलेलेच राहणार आहे.

बंपर अडीच महिन्यांनी आले. उत्तम काम झाले आहे. एका रविवारी मी आणि भाच्याने ते बसवले. गाडी उन्हात काढली, आक्काला खुर्ची दिली. तिने मान जरा वाकडी केली, कडेच्या नजरेने पाहायची तिची आता तशीच रीत झाली आहे, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला नेमके किती दिसले ते मी विचारले नाही. भाच्यानेही नाही.

थोड्या वेळाने तिने जुना फडका मागवला. राख नाही आणली म्हणून मला ओरडली. "नव्या मुलाम्याला राख नको, ओरखडे येतील," मी म्हटले. "मग नुसताच पूस," ती म्हणाली, "आणि गोल गोल नको फिरवू."

एका दिशेने पुसला. चालकाच्या दाराची मूठ तेवढी तशीच ठेवली आहे, पिवळसर. याल तेव्हा पाहा.